घर आणि साइट दोन्हींसाठी एकच सर्क्युलर सॉ : गावातल्या एका निवडीचा पूर्ण हिशोब

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडचे एक गाव. घरात दोन भाऊ. थोरला सुतार आहे. चौकटी, दारे, खिडक्या, कोठ्याचे लाकूडकाम, कवेलूच्या जुन्या घरांचे कुजलेले फाटे-बत्ते बदलणे, ही त्याची कामे. धाकटा सेंट्रिंगवर, म्हणजे काँक्रीट ओतायचे लाकडी साचे उभारण्याच्या कामावर असतो आणि आसपासच्या गावांतली घरकुले, छोटे स्लॅब, कॉलमचे डबे करतो. आजवर सगळे हातकरवतीवर आणि आरा मशीनवाल्याच्या मर्जीवर चालले. आता दोघांत मिळून एक सर्क्युलर सॉ, म्हणजे विजेवर फिरणाऱ्या गोल ब्लेडची करवत, असा घ्यायचा आहे. दुसरे मशीन घेण्याइतके पैसे निदान वर्षभर तरी निघणार नाहीत.

सल्ले तीन मिळाले. दुकानदार म्हणाला, "भाऊ, घ्यायचंच तर 9 इंची घ्या, एकदाच खर्च." नागपूरला फर्निचरचे काम करणारा ओळखीचा माणूस बॅटरीच्या मशीनचे नाव घेतो. शेजारचा सुतार सांगतो, घरात 4 इंची मार्बल कटर पडून आहे, त्यालाच लाकडाचे ब्लेड लावा, पैसे वाचतील.

हे कुणा एका घराचे वर्णन नाही. गावातल्या सुताराला आणि सेंट्रिंगवाल्याला ज्या अडचणी हमखास येतात, त्या एका घरात ठेवून हिशोब केला आहे. या हिशोबात मशीनचे नाव सर्वांत शेवटी येते. आधी मोजायचे ते काप आणि व्होल्ट.

कोणते काप, किती जाड

मशीन बघायला जाण्याआधी दोन्ही भावांनी मागच्या हंगामातली कामे आठवून लाकडाच्या जाड्या लिहून काढायच्या. यादी साधारण अशी निघते.

थोरल्याकडे चौकटीचा माल आरा मशीनवरून फाडून येतो. बहुतेक 4 × 2½ इंच, क्वचित 5 × 3 इंच. लाकूड सागवान, नाहीतर साजा (ऐन). दाराच्या फळ्या 1¼ ते 1½ इंच. तयार फ्लश डोअर 30-32 मिमीचे, ते चौकटीत बसवताना बाजूने 5-10 मिमी छाटावे लागते. कपाटाला 19 मिमी प्लाय. कवेलूच्या घराचे बत्ते 2 इंचाच्या आतले.

धाकट्याकडे 12 मिमीचा शटरिंग प्लाय, 3 × 2 इंचाचे बत्ते, इंच-दीड इंचाच्या फळ्या आणि निलगिरीच्या बल्ल्या.

आता कोणते मशीन किती खोल कापते ते बघा. 110 मिमी ब्लेडचे मार्बल कटर 30 ते 34 मिमी जाते. 165 मिमीचे बॅटरीवाले 55 मिमीच्या आसपास. 185-190 मिमी, म्हणजे ज्याला दुकानात 7 इंची म्हणतात ते, 63 ते 70 मिमी. 235 मिमीचे 9 इंची 85 मिमीच्या आसपास. हे आकडे सरळ कापाचे. 45 अंशात कापताना 7 इंचीचे 45-50 मिमी उरतात, 9 इंचीचे 60.

2½ इंच म्हणजे 63.5 मिमी. इथे एक बारीक अडचण आहे. 185 मिमीच्या ज्या मशीनची खोली 63 मिमी लिहिली आहे, ते या चौकटीला अर्ध्या मिलिमीटरने कमी पडते. रंधा मारल्यावर माल 60-61 मिमीचा होतो, तेव्हा काम भागते. पण ब्लेडला धार लावली की त्याचा व्यास थोडा घटतो आणि खोलीही घटते. म्हणून 7 इंचीतच 66 मिमी किंवा जास्त खोलीचे मशीन बघायचे. 190 मिमी ब्लेडची बरीच मशीन तेवढी देतात. खोक्यावर "7 इंच" एवढेच असेल तर माहितीपत्रकातला खोलीचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

राहिला 5 × 3 चा माल, म्हणजे 76 मिमी जाड. तो 7 इंचीने एका दमात कापला जात नाही. पण अशा मालाला आडवा काप टोकालाच द्यायचा असतो. गुण्या लावून चारही बाजूंना रेघ मारायची, एका बाजूने 40 मिमी कापायचे, पालटून दुसऱ्या बाजूने उरलेले. रेघा नीट जुळवल्या तर मध्ये राहणारा फरक पटाशीने निघतो. वर्षातून पाच-सहा चौकटींसाठी 9 इंचीचे वजन रोज उचलण्यात अर्थ नाही.

बल्लीचा हिशोब वेगळा आहे. गोल लाकूड लोळते, आणि लोळता लोळता ब्लेड चिमटते. 4 इंची बल्ली 7 इंचीने एका बाजूने कापली जाणारच नाही. बल्लीसाठी हातकरवत किंवा चेनसॉ ठेवा. सॉ वापरायचाच असेल तर इंग्रजी व्ही अक्षरासारखी घोडी करून बल्ली तीत दोरीने आवळा, मगच हात लावा. ओंडका फाडणे हे तर या मशीनचे काम नव्हेच. ते परवाना असलेल्या आरा मशीनवर करून घ्यायचे आणि मालाची पावती जपून ठेवायची.

लाइन किती, हे मीटरने बघा

गावात ज्या मशीनची मोटर जळते, तिथे बहुतेक वेळा लाकूड कारण नसते. डिम लाइन आणि बारीक वायर कारण असते. म्हणून या प्रकरणात सगळ्यांत जास्त वेळ इथे द्यायचा.

साधा मल्टिमीटर घ्या. ज्या सॉकेटवर मशीन लागणार, तिथे सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सातला व्होल्ट मोजा. मोकळ्या सॉकेटवर मोजून भागत नाही. शेजारच्या सॉकेटवर 1000 वॅटची इस्त्री किंवा पाणी तापवायचा रॉड चालू ठेवून मोजा. समजा दुपारी 228 आणि संध्याकाळी 188 व्होल्ट भरले. मशीन 230 व्होल्टसाठी बनवलेले असते. ढोबळ हिशोबाने ताकद व्होल्टच्या वर्गाने घटते, म्हणजे 188 व्होल्टवर ती दोन-तृतीयांशच उरते. 1400 वॅटचे मशीन त्या वेळी साडेनऊशे वॅटच्या मशीनसारखे वागते.

त्यात वायरचा तोटा मिळवा. साइट मीटरपासून 40 मीटर दूर आहे असे धरू. वीज जाऊन परत येते, म्हणून लांबी 80 मीटर. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त एक्स्टेंशनमध्ये बहुधा 0.75 चौ. मिमीची तार असते. तांब्याच्या अशा तारेचा रोध किलोमीटरला 26 ओहम, म्हणजे 80 मीटरला 2 ओहमपेक्षा थोडा जास्त. लांब उभा काप (लाकडाच्या रेषांच्या दिशेने) घेताना मशीन 8 अँपिअर ओढत असेल तर 16-17 व्होल्ट वायरीतच संपतात. 2.5 चौ. मिमीची तार घेतली तर किलोमीटरला 8 ओहम, आणि तोटा 5 व्होल्ट. संध्याकाळच्या 188 मधून एकीकडे 171 उरतात, दुसरीकडे 183.

171 व्होल्टवर काय होते? ब्लेडचा वेग पडतो. माणूस नकळत जोर लावतो. ब्लेड लाकडात अडकून थांबते, बोट स्विचवरच असते. थांबलेल्या मोटरीतून चालू मोटरीच्या कित्येक पट करंट जातो, आणि तिचा पंखाही थांबलेला असल्याने वारा मिळत नाही. काही सेकंदांत आर्मेचरचा, म्हणजे मोटरीतल्या तारा गुंडाळलेल्या फिरत्या भागाचा, जळका वास येतो. तेच आर्मेचर पुढे पंधरा दिवसांत जाते आणि लोक कंपनीला नावे ठेवतात.

यातून नियम निघतात ते असे. ब्लेड अडकले की त्याच क्षणी स्विच सोडायचा. फळ्यांचे लांब उभे काप लाइन चांगली असेल त्या वेळेलाच घ्यायचे. ती वेळ कोणती, हे आपल्या सॉकेटवर मोजूनच कळते. एक्स्टेंशनची वायर रीळभर गुंडाळून ठेवायची नाही, पूर्ण उलगडायची, कारण गुंडाळलेली वायर तापून मेण होते. बोर्डवर 16 अँपिअरचे सॉकेट, 16 अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. बहुतेक सॉ दुहेरी इन्सुलेशनचे असतात. पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण दिसते. त्यांना अर्थिंगची तार नसते. आरसीसीबी मात्र जाणाऱ्या आणि येणाऱ्या करंटमधला फरक पाहून तुटतो, त्यामुळे गावातल्या कच्च्या अर्थिंगवरही तो माणूस वाचवतो. ओल्या स्लॅबवर काम करणाऱ्या धाकट्यासाठी ही वस्तू मशीनइतकीच गरजेची आहे.

साइटवर आकडा टाकून मशीन चालवू नका. चोरीचा गुन्हा आहेच, पण तिथे न्यूट्रलचा भरवसा नसतो. थ्री फेज लाइनीतला न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या मशीनवर 400 व्होल्टच्या जवळपास येऊ शकतात. जनरेटरवर चालवायचे तर 1400 वॅटच्या मशीनला 3 केव्हीएचा संच धरा, कारण चालू होताना मोटर पाटीवरच्या आकड्यापेक्षा बरेच जास्त ओढते. टीव्हीचा स्टॅबिलायझर मध्ये लावायचा विचारही नको.

मार्बल कटरला लाकडाचे ब्लेड का नको

हा सल्ला पैशाने स्वस्त वाटतो आणि आपल्याकडे सर्रास पाळला जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

मार्बल कटर फरशी कापायला बनवलेले आहे. फरशीच्या ब्लेडला दात नसतात, हिऱ्याची कड असते, ती घासत जाते. त्यामुळे त्या मशीनला वरचे अर्धे झाकण पुरते; खालचा अर्धा भाग कायम उघडा. लाकडाच्या सर्क्युलर सॉला खाली स्प्रिंगचे झाकण असते. काप संपला की ते आपोआप मिटते. मार्बल कटर लाकडातून बाहेर आले की दात उघडेच फिरत राहतात, आणि त्या वेळी माणूस ते मांडीजवळ आणतो.

दुसरी गोष्ट वेगाची. मार्बल कटर मिनिटाला 12-13 हजार फेरे घेते. 110 मिमीच्या ब्लेडची कड त्या वेगाने सेकंदाला सुमारे 75 मीटर धावते. 185 मिमीचा सॉ 5,500 फेऱ्यांवर 53 मीटर धावतो. लाकडाच्या 4 इंची ब्लेडवर कमाल फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. तो मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी असेल तर कार्बाइडचा दात सुटून गोळीसारखा जाऊ शकतो. आकडाच छापलेला नसेल तर ते ब्लेड घेऊच नका.

तिसरी गोष्ट लॉकच्या बटणाची. बऱ्याच मार्बल कटरना स्विच दाबून ठेवायचे बटण असते. फरशीवर ते सोयीचे. लाकडात मशीन उसळले तर बोट निघूनही ते चालूच राहते. शिवाय खोली 34 मिमीच, म्हणजे चौकटीचा एकही काप त्याने पूर्ण होत नाही.

कटर फरशी आणि सिमेंट शीटसाठी ठेवा. दोन्ही भावांचे हात त्यांच्या घराचे पोट भरतात. हजार-दोन हजारांसाठी ते पणाला लावू नका.

9 इंची आणि बॅटरीवाले

9 इंची मशीन 2000 वॅटच्या आसपास असते आणि वजन सात किलोच्या घरात. 7 इंची चार किलोच्या आसपास. पायाडावर उभे राहून, एका हाताने तोल सांभाळत बत्ता कापणाऱ्याला हे तीन किलो फार होतात. चालू होतानाचा झटका घरातला 6 अँपिअरचा एमसीबी पाडतो, आणि 188 व्होल्टवर ते 7 इंचीपेक्षा जास्त अडते, कारण मोठ्या ब्लेडला फिरवायला जोरही मोठा लागतो. ज्याचे रोजचे काम 3 इंची मालाचे आहे आणि दुकानात पक्की जाड वायरिंग आहे, त्याने जरूर घ्यावे. या घराला नको.

बॅटरीचे मशीन लाइन नसताना चालते, ही सोय गावात मोठी आहे. पण 18 व्होल्ट, 5 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 90 वॅट-अवर. 1400 वॅटची मोटर पूर्ण जोराने चालली तर तेवढ्या विजेत ती चार मिनिटेही चालणार नाही. बॅटरीचे मशीन तेवढे ओढत नाही हे खरे, तरी साज्याच्या फळ्या उभ्या फाडायच्या तर दिवसाला तीन-चार बॅटऱ्या लागतील. दुसरे म्हणजे आपला उन्हाळा. विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, आणि लिथियम बॅटरी साधारण 45 अंशांपर्यंतच चार्ज करायची असते. उन्हात काम करून आलेली गरम बॅटरी लावली की चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो. ती सावलीत, माठाजवळच्या गारव्याला अर्धा तास ठेवावी लागते. पाण्यात मात्र बुडवायची नाही. छपरावर चढून चार बत्ते कापायचे अशा कामाला बॅटरीचा सॉ उत्तम. पहिले आणि एकुलते मशीन म्हणून तो या घराला पुरत नाही.

निवड

निवड ठरली ती अशी : 185-190 मिमी, 1300 ते 1400 वॅट, सरळ कापात 66 मिमी किंवा जास्त खोली, स्प्रिंगचे खालचे झाकण, ब्लेडच्या मागे फाळकी पट्टी (कापलेली फट मिटू न देणारी) असेल तर उत्तम. कार्बन ब्रशचे (फिरत्या आर्मेचरला वीज पोचवणारे, झिजणारे तुकडे) झाकण बाहेरून स्क्रू काढून उघडणारे हवे. कंपनी अशी की जिचे कार्बन, स्विच आणि आर्मेचर यवतमाळला किंवा निदान नागपूरला मिळतात. हे दुकानदाराच्या तोंडावर मानू नका. त्या मॉडेलचा नंबर सांगून दुरुस्तीवाल्याकडे आधी फोन करून विचारा.

भाव दुकानागणिक बदलतात, म्हणून रुपये न सांगता वाटा सांगतो. एकूण पैशांतले निम्मे मशीनला, तीस टक्के 2.5 चौ. मिमीच्या तांब्याच्या वायरीला आणि बोर्डाला, उरलेले वीस टक्के ब्लेड, चष्मा, मास्क आणि कार्बनच्या जास्तीच्या जोडीला. सगळे पैसे मशीनवर घालून जुन्याच वायरीवर ते लावणे, हीच सर्वांत महाग पडणारी चूक.

दुकानात जाताना खिशात लहान गुण्या न्या. मशीनचा प्लग काढलेला असताना ब्लेड पूर्ण खाली करून तळपट्टीशी गुण्या लावा. उजेड दिसला तर काटकोनाचा स्क्रू आहे का आणि त्याने सुधारते का, ते बघा. खालचे झाकण हाताने मागे ओढून सोडा. ते खटकन मिटले पाहिजे, 45 अंशांवरही. ब्लेड दोन बोटांनी धरून आडवे हलवा. बेअरिंगमध्ये खुळखुळ जाणवली तर दुसरा नग मागा. खोलीची कळ आवळून तळपट्टी जोराने दाबा, ती सरकता कामा नये. तळपट्टी पत्र्याची आहे की ओतीव अॅल्युमिनियमची, तेही बघा. पत्र्याची पट्टी साइटवर पडली की वाकते, आणि वाकलेल्या पट्टीवर पुन्हा कधी सरळ काप येत नाही. मग मशीन चालू करून बंद करा आणि थांबेपर्यंत ब्लेडकडे कडेने पाहा. ते डोलत असेल तर नको. नामांकित कंपनीचा रंग आणि एखादे अक्षर बदललेले नाव असलेली नक्कल बाजारात खूप आहे. पक्के बिल आणि त्यावर मशीनचा सीरियल नंबर, एवढे मिळत नसेल तर दुकान बदला.

ब्लेड

मशीनसोबतचे एक ब्लेड सगळ्या कामाला पुरत नाही. तीन हवीत. 24 दातांचे : सागवान-साजा उभे फाडायला आणि ओल्या मालाला. 40 दातांचे : चौकटी, फळ्या, आडवे काप. 60 दातांचे : प्लाय आणि फ्लश डोअर. याशिवाय झिजलेले 24 दातांचे ब्लेड टाकून देऊ नका. त्यावर लाल रंगाची खूण करून ते धाकट्याच्या शटरिंग प्लायला ठेवा. त्या प्लायला सिमेंटची खपली आणि मोडके खिळे असतात. नवे ब्लेड तिथे एका दिवसात जाते. कापायच्या रेघेवर आधी तारेचा ब्रश मारा आणि लोहचुंबक फिरवा.

ब्लेड घेताना मधल्या भोकाचे माप बघा. 20, 25.4 आणि 30 मिमी अशी तिन्ही बाजारात आहेत. 30 चे ब्लेड 25.4 च्या दांड्यावर कागद गुंडाळून बसवलेले दिसते. ते मध्यावर येत नाही, थरथरते आणि बोल्ट सैल करते. बरोबर मापाची धातूची रिंग मिळते, तीच वापरा. बोल्ट कोणत्या बाजूला फिरवून सुटतो याचा गोंधळ होतो. ब्लेड ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने तो सुटतो.

सागवानात सिलिका असते, त्यामुळे साध्या पोलादाची धार लवकर जाते. कार्बाइडच्या दातांचेच ब्लेड घ्या. त्याला कानस लागत नाही आणि साध्या एमरीवर दात फुटतो. धार हिऱ्याच्या चाकावरच लावून घ्यायची. काप जळका येऊ लागला की लगेच ब्लेड बोथट ठरवू नका. बहुतेक वेळा दातांवर चीक बसलेला असतो. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून ब्लेड पंधरा मिनिटे भिजवा, प्लास्टिकच्या ब्रशने घासा, लगेच पुसून वाळवा आणि तेलाचे बोट फिरवा. त्यानंतरही धूर येत असेल तर धार गेली.

काप घेताना

8 × 4 फुटांचा प्लाय सरळ कापण्यासाठी पहिल्याच दिवशी एक मार्गपट्टी करून घ्या. 9 किंवा 12 मिमी प्लायची 8 फूट लांब, फूटभर रुंद पट्टी घ्यायची. तिच्यावर एका बाजूने 3 इंच रुंदीची, कारखान्याची सरळ कड असलेली दुसरी पट्टी फेविकॉल आणि स्क्रूने पक्की करायची. सरळ कड मधल्या बाजूला ठेवायची. मग सॉची तळपट्टी त्या कडेला टेकवून खालची पट्टी पूर्ण लांबीत कापून टाकायची. आता खालच्या पट्टीची कड म्हणजे ब्लेडची नेमकी जागा. यापुढे ही कड रेघेवर ठेवायची, दोन शिकंजे लावायचे आणि सॉ चालवायचा. मोजमाप चुकत नाही. ही पट्टी ज्या ब्लेडने कापली त्याच जाडीच्या ब्लेडला चालते, म्हणून 60 दातांचे ब्लेड लावूनच करा.

प्लाय जमिनीवर चार बत्ते टाकून त्यांवर ठेवा, रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन. दोन टोकांना दोन स्टूल आणि मध्ये पोकळी, असे कधीही ठेवू नका. काप अर्ध्यावर आला की माल मध्ये खचतो, फट मिटते आणि ब्लेड चिमटते. खाली पुढच्या दिशेने पळणारे दात अडकले की मशीन मागे, म्हणजे माणसाकडे, उसळून येते. सर्क्युलर सॉचे मोठे अपघात असेच होतात. म्हणून ब्लेडच्या सरळ रेषेत उभे राहायचे नाही, थोडे बाजूला. ओला बाभूळ किंवा साजा उभा फाडताना फट आपणहून मिटते; फूटभर पुढे गेल्यावर मशीन थांबवून मागच्या फटीत लाकडाची पाचर ठोका.

खोली नेहमी मालाच्या जाडीपेक्षा 5-6 मिमी जास्त ठेवा. 19 च्या प्लायला 24-25. पूर्ण खोली सोडून पातळ माल कापला तर चिमटायला जास्त ब्लेड मिळते आणि खाली पाय असेल तर तोही. दात खालून वर कापतात, म्हणून कपच्या वरच्या बाजूला निघतात. लॅमिनेटची चांगली बाजू खाली ठेवून रेघ मागच्या बाजूला मारा.

झाकण तार बांधून किंवा पाचर मारून उघडे ठेवू नका. ते अडकत असेल तर आत भुसा आणि चीक साचला आहे. प्लग काढून साफ करा. सॉ उलटा करून टेबलाखाली ठोकायचा आणि स्विच दोरीने बांधून टाकायचा, असा जुगाडही अनेक ठिकाणी दिसतो. इंचभर रुंदीच्या पट्ट्या फाडायच्या असतील तर माल आरा मशीनवर न्या. वरून उघड्या ब्लेडकडे बोटाने पट्टी ढकलण्यासारखे कामच घ्यायचे नाही.

उन्हाळ्यात डोक्याला किंवा गळ्यात दुपट्टा असतो. त्याची दोन्ही टोके आत खोचलेली हवीत. चष्मा हवाच. नाकाला एन-95 मास्क लावा, कारण लाकडाचा भुसा कर्करोगकारक म्हणून जागतिक यादीत आहे. सागाच्या भुश्याने खाजही सुटते. आवाज 100 डेसिबलच्या घरात जातो, कानात बोळे घाला.

पुढच्या सहा महिन्यांत काय बिघडते

काप तिरपा येऊ लागला तर आधी काटकोन तपासा. एक सरळ पट्टी आडवी कापा, एक तुकडा उलटा करा आणि दोन्ही कापलेल्या कडा एकमेकांना भिडवा. जी फट दिसेल ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. स्क्रूने सुधारा.

मशीन सुरू होता होता अडखळत असेल, मोटरीच्या जाळीतून ठिणग्या जास्त दिसत असतील, तर कार्बन बघा. 5-6 मिमी उरला की दोन्ही बाजूंचे एकदम बदला. एकच बदलला तर दाब असमान पडून आर्मेचरचे तांबे खरवडते. नवा कार्बन घातल्यावरही ठिणगी गोल रिंगसारखी फिरत राहिली तर आर्मेचर गेले, आणि मग वाइंडिंग करायचे की नवे घालायचे ते दोन्हींचा भाव विचारून ठरवा. साइटवरून आल्यावर मोटरीच्या जाळीतला सिमेंटचा आणि लाकडाचा भुसा रोज ब्रशने काढला तर ही वेळ बरीच लांबते.

मशीन दोघांचे असल्याने एक वही ठेवलेली बरी : कुणी नेले, कोणते ब्लेड लावले, कार्बन कधी बदलला. सेंट्रिंगचे ब्लेड लागलेले असताना थोरल्याने घाईत सागवानाची चौकट कापली, असे झाले तर माल जातो, आणि 5 × 3 चा सागवानी तुकडा ब्लेडपेक्षा महाग असतो. वर्षअखेरीस त्याच वहीत 3 इंची मालाचे काप मोजा. ते महिन्याला वीसच्या वर गेले असतील आणि मीटरपासून जाड वायरिंग झाली असेल, तर 9 इंची मशीनचा भाव विचारायला हरकत नाही. छपराची कामे वाढली असतील, तर आधी बॅटरीचे.